तुरुंगाच्या दाराबाहेरची वाट

विद्यार्थिमित्रहो, ठाण्यास गेलां असतां तेथील मध्यवर्ती कारागृहाची भिंत तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. तो मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ सालीं, बांधकाम पुरें होण्यापूर्वींच, तो मराठ्यांच्या हातीं आला आणि दोन वर्षांनीं आपला वसईचा किल्लाही आला. आपल्या किल्ल्यांत आज सहली जातात; त्या किल्ल्यांत माणसें कोंडलेलीं आहेत, आणि त्यांत आपल्या तालुक्यांतून गेलेलींही असतात. त्यांचें पुढें काय होतें?

हा प्रश्न मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें मनावर घेतला. १९९० सालीं तिनें 'प्रयास' हा उपक्रम सुरू केला. प्राध्यापक विजय राघवन यांनीं पुष्कळ वर्षें त्याची धुरा वाहिली आहे. यांचें संशोधन केवळ ग्रंथालयांतलें नव्हे. समाजसेवक तुरुंगांत, पोलीसठाण्यांत व न्यायालयांत जातात, आणि तेथें जें दिसतें त्यांतूनच अभ्यास उभा राहतो.

तुरुंगांतला प्रत्येक जण गुन्हेगार, ही आपली समजूत खरी नाहीं. २०२२ अखेर देशांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागावयाचा आहे असे. चारांत तीन! त्यांतील कित्येकांना जामीन मंजूर होऊनही सुटतां येत नाहीं. कारण जामीनदार हवा, आणि त्याच्याजवळ पत्त्याचे कागदपत्र हवेत. दूरदेशाहून येऊन नालासोपाऱ्याच्या चाळींत भाड्यानें राहणाऱ्या मजुराला असा माणूस कोठून मिळावा? आरोपी तारखेस आला नाहीं तर जामीनदाराला पैसे भरावे लागतात; तेव्हां शेजारी कचरला तर त्याला मी तरी दोष देणार नाहीं. ही अडचण जाणूनच ३१ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सूचना दिल्या. जामिनाचा हुकूम तुरुंगाकडे तांतडीनें धाडावा, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाहीं तर अधीक्षकानें जिल्हा विधिसेवा प्राधिकरणास कळवावें, असें त्यांत आहे.

सुटल्यावर दुसरी परीक्षा. घरचे दुरावलेले, हाताला काम नाहीं, मालक विचारतो, "इतके दिवस कोठें होतास?" 'प्रयास' अशांपैकीं कांहींना स्वयंसेवी संस्थांत उमेदवारीस ठेवते; थोडें विद्यावेतन मिळतें, आणि पुढच्या मालकास सांगण्याजोगें कांहीं तरी हातीं येतें. क्षुल्लक वाटेल, पण या एका उत्तरावर माणूस तरतो.

आपल्याकडे हा विचार अगदीं नवा नाहीं. औंध संस्थानांत आटपाडीजवळ १९३९ सालीं 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची उघडी वसाहत निघाली. तिच्यामागें मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना व राजेसाहेबांचें धैर्य होतें. भोंवतीं तट नाहीं, कैद्यांनीं शेत पिकवावें! त्या प्रयोगावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा चित्रपट १९५७ सालीं निघाला. पालकांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल. संस्थान गेलें, आटपाडी सांगली जिल्ह्यांत आली, पण वसाहत आहे. महाराष्ट्राच्या कारागृह खात्याचे निवडक कैदी तेथें बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात.