फोर्कलिफ्ट का उलटते?

चेन्नई-कोलकाता महामार्गालगतच्या गुम्मिडिपूंडीत सिपकॉट या तामिळनाडू सरकारच्या महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे, पोलादाचे कारखानेही. अशा ठिकाणी फोर्कलिफ्टशिवाय पान हलत नाही.

हे यंत्र म्हणजे चाकांवरचा सी-सॉ. पुढचा आस हा टेकू. पुढे माल, मागे वजनदार लोखंडी ठोकळा. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य यांनी बनणाऱ्या त्रिकोणातच गुरुत्वमध्य राहायला हवा. माल उंच धरून वेगात वळलात, की तोल त्या त्रिकोणाबाहेर जातो. रिकामी गाडीही भरधाव वळणावर कलंडते. ‘रिकामीच तर आहे’ म्हणत ती दामटणारे मात्र बरेच! कलंडताना चालक घाबरून उडी मारतो आणि नेमका छताच्या सांगाड्याखाली चिरडला जातो. म्हणून पट्टा बांधा, आसन सोडू नका. आणि माल उचलणाऱ्या काट्यांवर माणूस चढवून दिवा बदलणे? तो निव्वळ मूर्खपणा आहे.