शेव्हरोले एसएस
शेव्हरोले एसएस ही जनरल मोटर्स कंपनीने अमेरिकेत २०१४ ते २०१७ या मॉडेल-वर्षांत विकलेली चार दरवाजांची सेडान मोटार होती. होल्डन कमोडोर या ऑस्ट्रेलियन मोटारीवर आधारित ही गाडी दक्षिण ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ येथे तयार होत असे.

तिच्या ६.२ लिटर व्ही८ इंजिनाची ४१५ अश्वशक्ती मागील चाकांना मिळे. वेग घेताना मोटारीचा भार मागे सरकतो आणि त्या चाकांची रस्त्यावरील पकड वाढते. पुढील चाकांकडे केवळ वळण्याचे काम उरल्याने स्टिअरिंगवर इंजिनाची ओढ जाणवत नाही. वेगाची आवड असलेल्या चालकांना या रचनेचे आकर्षण वाटते ते यामुळेच. मात्र मागील चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमुळे वजन व खर्च वाढतो आणि आतील जागा कमी होते. कुटुंबासाठी गाडी घेणारे बहुतेक ग्राहक पुढील चाकांवर चालणाऱ्या सेडान किंवा एसयूव्ही पसंत करतात.

एसएसचा खप मर्यादित राहिला आणि तिचे भवितव्य कमोडोरवर अवलंबून होते. ऑस्ट्रेलियातही मोठ्या सेडान मोटारींची मागणी घटत गेली. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी एसएसची निर्मितीही संपली.