टेकडीवरचा वारा: आस्करवेन ते पेर्दिगाँव

डोंगर चढताना वारा वेग घेतो, हे गुराख्यालाही ठाऊक असतं. पवनचक्की उभारणाऱ्याला मात्र किती वेग घेतो ते सांगावं लागतं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग दहा टक्के जास्त धरला, तर ऊर्जेचा अंदाज तेहतीस टक्क्यांनी फुगतो.

जॅक्सन आणि हंट यांनी 1975 मध्ये बुटक्या टेकडीवरच्या प्रवाहाचं गणित मांडलं. पुढे 1982 आणि 1983 मध्ये स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर, 116 मीटर उंचीच्या आस्करवेन टेकडीवर, पन्नासहून अधिक मनोरे उभारून वारा मोजला गेला. माथ्यावर, जमिनीपासून दहा मीटरवर, तो सपाटीवरच्या वाऱ्याच्या जवळपास 1.8 पट भरला. अशी गणितं माथ्यापर्यंत बरी चालली, पलीकडच्या उतारावर अडखळली. तिथला वारा मंद आणि खवळलेला होता.

डेन्मार्कमधलं बोलुंड तर जेमतेम 12 मीटर उंच, पण त्याची कड उभी कापलेली. मोजमापं झाकून ठेवून जगभरातल्या गटांकडून अंदाज मागवले गेले, तेव्हा भल्याभल्या संगणकी प्रारूपांची उत्तरं एकमेकांपासून लांब पडली. ही परीक्षा मला फार मोलाची वाटते. उत्तर आधी कळलं की प्रारूप जुळवून घेणं सोपं असतं.

या दोन्ही ठिकाणी चक्की नव्हती. चक्कीमागे मंदावलेला, घुसळलेला वारा, म्हणजे वेक, त्याचं येन्सन यांचं 1983 चं सुटसुटीत सूत्र सपाट जमिनीसाठी होतं. डोंगरात वेक कुठे जातो, हे पोर्तुगालमधल्या पेर्दिगाँवला दिसलं. दोन समांतर डोंगररांगा, मध्ये दरी, एका रांगेवर एकच 2 मेगावॉटची चक्की. 2017 च्या मे-जूनमध्ये मनोऱ्यांच्या जोडीला लेसरच्या परावर्तनावरून वारा वाचणारे लिडार लावले होते. रात्री जमीन निवून थंड, जड हवेचे थर स्थिरावले, की वेक उताराला धरून दरीत उतरे. दिवसा तापलेली हवा वर उसळे, तेव्हा तोही वर उचलला जाई. चक्की तीच, डोंगर तोच. वेकची वाट हवेच्या थरांनी ठरवली.

साताऱ्याजवळ वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर चक्क्यांच्या रांगा आहेत. कोकणातून कडा चढून येणारा पावसाळी वारा आणि हिवाळ्यातल्या निरभ्र रात्रीचा वारा, दोन्ही तिथे याच बारकाईने, कड्यापासून पठाराच्या आतपर्यंत मोजायला हवेत.