जॅझ वाद्यवृंद, शालेय

जॅझ संगीत वाजविण्यासाठी शाळेतील विद्यार्थ्यांचा बांधलेला वाद्यवृंद. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांतून अशा वाद्यवृंदांचा विशेष प्रसार झाला असून नवशिक्या विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घडविणे हा तेथील संगीतशिक्षणाचा एक स्वतंत्र विषय मानला जातो. शाळेच्या नेहमीच्या बँडमध्ये विद्यार्थी पुढ्यातील स्वरलेखन वाचून वाजवितो. जॅझमध्ये मात्र लिखित भाग हा संगीताचा केवळ एक अंश असतो. लय, स्वरोच्चार व उत्स्फूर्त विस्तार ही त्याची प्रमुख अंगे कानाने आणि सहवासाने आत्मसात करावी लागतात. ही विद्या तासिका, पाठ्यपुस्तक व स्पर्धा यांच्या चौकटीत कशी द्यावयाची, हा शालेय जॅझशिक्षणातील मूलभूत प्रश्न होय.

इतिहास : जॅझशिक्षणाचा औपचारिक आरंभ सामान्यतः १९४७ मध्ये झाल्याचे सांगितले जाते. त्या वर्षी टेक्सस राज्यातील डेंटन येथील नॉर्थ टेक्सस महाविद्यालयात जीन हॉल यांनी या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. जॅझ हा शब्द शिक्षणक्षेत्रात अप्रतिष्ठित असल्याने अभ्यासक्रमास ‘नृत्यवाद्यवृंद’ असे नाव द्यावे लागले. शाळांतही पुढे बराच काळ ‘स्टेज बँड’ हीच संज्ञा रूढ होती.

तथापि कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळांत हे शिक्षण त्यापूर्वीच चालू होते. ॲलाबॅमा राज्यातील बर्मिंगहॅम येथील इंडस्ट्रिअल हायस्कूलमध्ये जॉन टी. ‘फेस’ व्हॉटली या शिक्षकांनी अनेक व्यावसायिक वादक तयार केले. अचूक वाचन व शिस्त यांवर त्यांचा भर असे. जिमी लन्सफर्ड (१९०२–४७) यांचा पुढे ख्यातनाम झालेला वाद्यवृंद मेंफिसच्या मनॅसस हायस्कूलमध्ये, ते तेथे शिक्षक असताना, त्यांच्या विद्यार्थ्यांतून उभा राहिला. मिसिसिपी राज्यातील पायनी वुड्स या शाळेत १९३७ मध्ये ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ हा मुलींचा वाद्यवृंद स्थापन झाला. शाळेसाठी निधी गोळा करणे हा त्याचा मूळ हेतू होता. शिकागो येथे वॉल्टर डायट (१९०१–६९) यांनी १९३१ पासून वेंडेल फिलिप्स व नंतर डूसाबल या शाळांत अध्यापन केले. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन ॲमन्स, जॉनी ग्रिफिन इ. कलावंत त्यांच्या हाताखाली शिकले. या शाळांच्या परिसरात जॅझ हे रोजच्या जीवनातील संगीत होते. त्यामुळे विद्यार्थ्याचा कान घराघरांत व वस्तीत तयार होत असे आणि शिक्षक त्यास वाचन व शिस्त यांची जोड देत.

१९५९ पासून स्टॅन केंटन (१९११–७९) यांच्या पुढाकाराने विद्यापीठांच्या आवारात उन्हाळी शिबिरे भरू लागली. १९६८ मध्ये जॅझ शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९८९ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय संघटना असे नाव घेतले व २००८ मध्ये ती बंद पडली. न्यूयॉर्कच्या ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ या संस्थेने १९९५ पासून ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) यांच्या रचनांची स्वरलेखने शाळांना विनामूल्य पुरविण्याचा उपक्रम चालविला आहे.

रचना : पूर्ण वाद्यवृंदात पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर व एक बॅरिटोन), चार किंवा पाच ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा तालविभाग असतो. नवशिक्यांच्या वाद्यवृंदात ही संख्या क्वचितच जुळते. म्हणून कमी वादकांतही उभ्या राहतील अशा सोप्या रचना निवडतात. सॅक्सोफोन पुढे, ट्रॉम्बोन मध्ये व ट्रंपेट मागे अशा ओळी करून तालविभाग एका बाजूस बसवितात. प्रत्येक ओळीतील प्रमुख वादक शक्यतो एकामागे एक येतात. प्रमुख ट्रंपेटवादकाने वाक्य जसे उच्चारले, तसेच इतरांनी उच्चारावे, असा संकेत आहे.

लय व उच्चार : पहिली अडचण ‘स्विंग’ या लयगुणाची असते. मात्रेचे दोन भाग कागदावर समान लिहिलेले असले, तरी मध्यम लयीत पहिला भाग लांब व दुसरा आखूड वाजवितात. त्यांचे प्रमाण ढोबळपणे दोनास एक असे सांगतात; पण लय जलद होत जाते तसतसे दोन्ही भाग समान होऊ लागतात. हे प्रमाण गणिताने शिकविल्यास वादन लंगडत चालल्यासारखे होते. म्हणून प्रथम ध्वनिमुद्रिका ऐकविणे, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी देववणे, तीच ओळ गाववून घेणे आणि मगच वाद्य हाती देणे, हा क्रम इष्ट ठरतो. ओळ गाताना लांब स्वरांसाठी ‘दू’, ‘दा’ आणि तुटक स्वरांसाठी ‘डिट’, ‘डॉट’ असे बोल वापरतात. तबल्याचे बोल हाताने वाजविण्यापूर्वी तोंडाने म्हणवून घेण्याच्या पद्धतीशी याचे साम्य आहे.

तालविभाग : वाद्यवृंदाची लय तालविभागावर अवलंबून असल्याने त्याची तालीम स्वतंत्रपणे घेणे श्रेयस्कर असते. ड्रमवादकाने आरंभी मोठ्या झांजेवरील मूळ ठेका आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पायाने मिटावयाची जोडझांज एवढ्यावरच समाधान मानावे. बासवादक दर मात्रेस एक स्वर याप्रमाणे ‘चालता’ बास वाजवितो. गिटारवादक प्रत्येक मात्रेवर हलका आघात देतो. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील फ्रेडी ग्रीन यांचे वादन याचा आदर्श समजले जाते. पियानोवादकास संघाताचे सर्व स्वर वाजविण्याची आवश्यकता नसते. मूळ स्वर बासकडे असल्याने तिसरा व सातवा हे दोन स्वरच संघाताची ओळख पटवितात, आणि लहान हातांनाही ते सहज जमतात.

उत्स्फूर्त वादन : याचा आरंभ बहुधा बारा खंडांच्या ब्लूजपासून करतात. प्रत्येक खंड चार मात्रांचा असतो. पहिले चार खंड षड्जावरील संघाताचे, पुढील दोन मध्यमावरील, त्यानंतरचे दोन पुन्हा षड्जावरील, नववा पंचमावरील, दहावा मध्यमावरील व शेवटचे दोन षड्जावरील, असा त्याचा साधा आराखडा आहे. सुषिर वाद्यांच्या सोयीसाठी बी-फ्लॅट हा आधारस्वर घेण्याची प्रथा आहे. तो ऐकू येण्यासाठी ट्रंपेट व टेनर सॅक्सोफोनवर सी, तर आल्टो व बॅरिटोनवर जी वाजवावा लागतो. हा फरक प्रारंभीच समजावून न दिल्यास वर्गात गोंधळ माजतो.

विद्यार्थ्यास एकदम संपूर्ण स्वरश्रेणी दिल्यास तो ती वरखाली वाजवीत राहतो व वाक्य बनत नाही. याउलट दोन किंवा तीन स्वरांचे बंधन घातल्यास त्याचे लक्ष लयीकडे व विरामाकडे वळते. एलिंग्टन यांच्या ‘सी जॅम ब्लूज’ (१९४२) या रचनेची धून पंचम व षड्ज या दोनच स्वरांवर आधारलेली आहे, हे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. शिक्षकाने दोन खंड वाजवावे व वर्गाने त्याच स्वरांत उत्तर द्यावे, अशा सवाल-जवाबाने सुरुवात केल्यास एकट्याने उभे राहण्याची भीती कमी होते. घरच्या सरावासाठी केवळ तालविभाग मुद्रित केलेल्या साथीच्या ध्वनिमुद्रिकांचा वापर होतो. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली अशी मालिका सर्वपरिचित आहे.

मर्यादा : शालेय वाद्यवृंदावर कार्यक्रम व स्पर्धा यांचे दडपण असते. त्यामुळे वर्षभर दोन-तीन रचना घोटून घेणे, उत्स्फूर्त भाग एखाद्या हुशार विद्यार्थ्यावर सोपविणे किंवा तोही लिहून देणे, असे प्रकार घडतात. अशा वेळी वाद्यवृंद सफाईदार वाजतो. परंतु त्यातील बहुसंख्य मुले जॅझ न शिकताच शाळेबाहेर पडतात. सुरुवातीस मागे राहिलेले मूल पुढेही मागेच राहते. यावर उपाय म्हणून प्रत्येक तालमीतील काही मिनिटे सर्वांच्या उत्स्फूर्त वादनासाठी राखून ठेवणे आणि त्या वेळी चुकांची मोजदाद न करणे, हे धोरण अनुभवी शिक्षक अवलंबितात.

भारतातील संदर्भ : लेखी व श्रौत शिक्षणातील हा ताण मुंबईच्या जॅझच्या इतिहासातही दिसतो. गोव्यातील चर्चसंलग्न शाळांत स्वरलेखनाचे वाचन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. तेथे तयार झालेले वादक मुंबईतील हॉटेलांच्या वाद्यवृंदांत व पुढे चित्रपटसंगीतात आले. वाचनात ते निष्णात होते. पण जॅझची लय व विस्तार या शाळांच्या शिक्षणात नव्हते. ते त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकून आणि लिऑन ॲबी यांच्या १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आलेल्या वाद्यवृंदासारख्या अमेरिकन संचांच्या सान्निध्यातून मिळविले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झालेले अंतोनिओ झेवियर वाझ आणि फ्रँक फर्नांड हे या परंपरेतील प्रमुख वादक होत. शिकागोच्या मुलांजवळ कान होता व शाळेने त्यांना वाचन दिले. गोव्याच्या मुलांना शाळेने वाचन दिले व कान त्यांनी स्वतः कमावला. नवशिक्यांच्या शालेय वाद्यवृंदास ही दोन्ही कामे एकाच वर्गात करावी लागतात.