रुप्याच्या खडबडीत पृष्ठावर

सोनाराच्या मुलाम्यापासून मोटारीच्या बॅटरीपर्यंत विजेची आणि रसायनांची सारी देवघेव धातूच्या पृष्ठावर घडते. तेथे नेमके काय चालते, हे शास्त्रज्ञांना फार काळ अनुमानानेच जाणावे लागले. वीज किती वाहिली, दाब किती पडला, हे मोजता येई. पण धातूला कोणता रेणू चिकटला आणि कसा, हे मापकाचा काटा सांगत नसे.

रेणू ओळखण्याचे साधन नव्हते असे नाही. प्रत्येक रेणूतील अणू ठरावीक गतीने कंप पावतात, आणि त्या कंपनांची खूण वर्णपटात उमटते. परंतु अवरक्त किरण योजावेत, तर द्रावणातील पाणीच ते गिळून टाकते. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९२८ साली कलकत्त्यास गवसलेला परिणाम येथे अधिक सोयीचा, कारण पाण्याच्या रामन-रेषा मंद असतात. अडचण एवढीच, की कोट्यवधी प्रकाशकणांतून एखादाच रंग बदलून परततो. आणि धातूवर तर रेणूंचा अवघा एक थर!

१९७४ साली साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी एक युक्ती केली. (हेच फ्लाइशमन १९८९ मध्ये निराळ्याच वादात सापडले, तो विषय वेगळा.) पृष्ठ वाढले की रेणूही वाढतील, या हिशेबाने त्यांनी रुप्याचा विद्युदग्र क्षारद्रावणात वीज उलटसुलट फिरवून खडबडीत केला. पिरिडीनच्या रेषा स्पष्ट दिसल्या; विद्युत्दाब बदलताच त्याही बदलल्या. म्हणजे रेणू खरोखरच धातूला बिलगलेले होते.

हिशेब मात्र अपुरा होता. १९७७ मध्ये अमेरिकेत व्हॅन डाइन आणि इंग्लंडात क्रायटन यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे दाखवले, की रेणूंची संख्या वाढल्याने एवढी प्रखरता येणार नाही. ती लक्षावधी पटींनी वाढली होती! रुप्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हेलकावतात आणि सूक्ष्म खाचांत त्याचे विद्युत्क्षेत्र एकवटते, हे त्याचे मुख्य कारण. मला तर या मूळ प्रयोगाहून त्याच्या कारणाचा हा शोध अधिक मोलाचा वाटतो.

ही किमया रुपे, सोने आणि तांबे यांनाच विशेष साधते. इंधनघटात लागणाऱ्या प्लॅटिनमला नाही. २०१० मध्ये चीनमधील शियामेन येथे त्यावर तोड निघाली. सिलिकाच्या पातळ कवचातील सोन्याचे कण त्यांनी हव्या त्या पृष्ठावर पसरले. सोने प्रकाश वाढवते, कवच त्याला रसायनात ढवळाढवळ करू देत नाही. याच मार्गाने २०१९ साली प्लॅटिनमच्या स्फटिकावर, प्राणवायूचे पाणी होत असतानाचे मधले अल्पजीवी रेणू पकडता आले.