मानेसर : दुखावलेल्या मनांचा हिशेब
हरियाणातील मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यात जून २०११ मध्ये १३ दिवस संप झाला. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. कामगारांना स्वतःची संघटना हवी होती. ऑगस्टअखेर व्यवस्थापनाने ‘चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रा’वर सही केल्याशिवाय कामगारांना आत घेणे थांबवले. कर्त्या माणसांना हे झोंबणारच! पुढच्या वर्षी, १८ जुलै २०१२ रोजी, त्याच कारखान्यात पर्यवेक्षक आणि कामगाराच्या वादातून हिंसाचार पेटला. जातिवाचक शिवीगाळ झाली, असे कामगारांचे म्हणणे. कामगाराने मारहाण केली, असे व्यवस्थापनाचे. त्यात मनुष्यबळ विभागाचे अधिकारी अवनीशकुमार देव यांचा जीव गेला. या हिंसेला कसलेही समर्थन नाही. कारखाना महिनाभर बंद राहिला. २०१७ मध्ये या प्रकरणी न्यायालयाने १३ जणांना जन्मठेप सुनावली. ११७ जण निर्दोष सुटले. त्यांतल्या अनेकांची काही वर्षे तुरुंगात गेली होती.