पुस्तक खिशात, पण डोक्यात?

कॉलेजात तास संपताना प्राध्यापक सांगतात, "पुढच्या तासाला हे प्रकरण वाचून या." माझ्या विद्यार्थिदशेत अशा पुस्तकाची ग्रंथालयात प्रत एक आणि वाचणारे साठ! आपला नंबर लागेपर्यंत वर्गात पुढचे प्रकरण सुरू झालेले असे.

ई-पुस्तकांमुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत भौतिकशास्त्रावर व्याख्याने दिली. त्यांचे तीनही खंड आज इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

मग मी वर्गात एकदा एक ई-पुस्तक नेमले आणि म्हणालो, "पान ८४ उघडा." प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळाच मजकूर! असे का झाले? काही ई-पुस्तकांत पान छायाचित्रासारखे पक्के असते; लहान पडद्यावर त्यातली अक्षरे मुंगीएवढी दिसतात. काहींत मात्र पाणी भांड्याचा आकार घेते तसा मजकूर पडद्याचा आकार घेतो. अक्षर मोठे केले की पाने वाढतात. अशा वेळी पानाचा नव्हे, प्रकरणाचा आणि परिच्छेदाचा क्रमांक सांगावा.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. पडद्यावर वाचलेले तितकेच समजते का? स्पेन आणि इस्राएलमधील संशोधकांनी २०१८ साली अशा ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. वाचक होते १,७०,००० हून अधिक. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना थोडा अधिक समजला. वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. गोष्टी वाचताना मात्र तो आढळला नाही. पडद्यावर भरभर नजर फिरवण्याची सवय हे त्याचे एक संभाव्य कारण.

म्हणून ई-पुस्तक टाकून द्यायचे का? मुळीच नाही! ज्याला महागडे पुस्तक परवडत नाही, त्याला ते मोठाच आधार आहे. फक्त शेजारी वही-पेन्सिल ठेवा. एक परिच्छेद वाचा, पडदा झाका आणि सूत्राची मांडणी स्वतः करा. अडलात, तरच पुन्हा पाहा.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा! अर्ध्या वर्गाने एक धडा कागदावर वाचावा, अर्ध्याने पडद्यावर. मग सर्वांना तेच दहा प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी नवा धडा घेऊन गटांची अदलाबदल करा. अदलाबदल कशासाठी, हे तुम्हीच सांगा पाहू!